मिठावर कर मागणारा उमेदवार
(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान, सोलापूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते रात्रशाळेत गिरणी कामगारांना शिकवत. निवडणूक आली की पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून ते पक्षांचे जाहीरनामे मोठ्याने वाचून दाखवत आणि प्रत्येक आश्वासनापाशी थांबून विचारत की याला पैसा कुठून येणार. त्यांच्या स्मरणार्थ बोलताना विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या उमेदवाराने देशाच्या प्रश्नांवर मतदाराला काय सांगावे आणि किती सांगावे, हा आजचा विषय आहे. त्यासाठी अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडातल्या निवडणुकीचे उदाहरण घ्यायची गरज नाही. या शहराने स्वतः निवडून दिलेल्या एका उमेदवाराचा जाहीरनामा आपल्यापुढे आहे.

१९५२ सालची पहिली सार्वत्रिक निवडणूक. सोलापूर लोकसभा मतदारसंघ तेव्हा द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि मतदार एकच. प्रत्येकाला दोन मतपत्रिका मिळत. दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. उमेदवारागणिक वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. देशात लिहिता-वाचता येणारे शंभरात जेमतेम अठरा, त्यामुळे चिन्हाला महत्त्व होते. हत्तीचे चिन्ह शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पक्षाचे. देशभर काँग्रेसची लाट. ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसने घेतल्या. त्या लाटेत सोलापूरने दोन्ही जागा विरोधकांना दिल्या. सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे पांडुरंग नथुजी राजभोज निवडून आले. फेडरेशनचे सबंध देशातून लोकसभेवर दोनच उमेदवार गेले, एक हैदराबाद राज्यातल्या करीमनगरमधून आणि दुसरा आपल्या सोलापुरातून. खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईत नारायण काजरोळकरांकडून साडेचौदा हजारांच्या फरकाने पडले.

ही गोष्ट शहरात माहीत असणारे बरेच आहेत. राजभोज ज्या जाहीरनाम्यावर उभे होते त्यात काय लिहिले होते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. त्यात मिठावरचा कर पुन्हा लावावा असे लिहिले होते. दारूबंदी उठवावी असेही लिहिले होते.

सोलापुरात असे म्हणणे म्हणजे काय होते, याचा विचार करा. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली ती मिठाच्या सत्याग्रहातच. ती बातमी आली, गिरण्या बंद पडल्या, कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी लोक रूपाभवानीकडे शिंदीची झाडे तोडायला गेले, कारण शिंदीवर सरकारचा अबकारी महसूल चालत होता. धरपकड झाली, जमाव चवताळला, गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण पडला. पोलीस चौकी जळाली, न्यायालयाची इमारत जळाली, आणि काही दिवस हे शहर इंग्रजांच्या हातातून सुटले. १२ मे रोजी मार्शल लॉ आला आणि जूनअखेरपर्यंत राहिला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिले गेले. हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. त्या चार पुतळ्यांच्या मागे जे आंदोलन आहे त्याची सुरुवात मिठातून आणि शिंदीच्या झाडांतून झाली होती.

आणि त्यानंतर एकवीस-बावीस वर्षांनी त्याच शहरात एक उमेदवार मते मागतो, ज्याचा पक्ष म्हणतो की मिठावर कर हवा आणि दारूबंदी नको. मते मिळवण्याचा विचार करणाऱ्या कुठल्याही सल्लागाराने ही दोन कलमे आधी खोडली असती.

ती का खोडली नाहीत? सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडले हे त्याचे सर्वांना माहीत असलेले कारण. पण राजीनाम्याच्या निवेदनात आणखी कारणे आहेत आणि त्यांत परराष्ट्र धोरणाला मोठी जागा आहे. त्यात त्यांनी एक आकडा दिला. देशाचा वर्षाचा महसूल सुमारे ३५० कोटी रुपये, आणि त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात. अर्ध्याहून अधिक. ऑक्टोबर १९५१ मध्ये फेडरेशनचा जाहीरनामा आला तो हाच हिशेब पोटात घेऊन. त्याने मागितलेल्या गोष्टी खर्चाच्या होत्या: अनुसूचित जाती, आदिवासी आणि मागासवर्ग यांच्यासाठी उच्च शिक्षण, परदेशी शिक्षणाची सोय, नोकऱ्या, भूमिहीनांना पडीक जमीन, यंत्रांच्या साहाय्याने शेती, उद्योगीकरण. पक्षाने स्वतःला कुठल्याही वादाशी बांधून घेतले नाही. साम्यवाद, समाजवाद, गांधीवाद यांपैकी कशाचेही नाव न लावता बुद्धीला आणि अनुभवाला पटेल ते करू, अशी भूमिका घेतली. मग ज्याला हे सगळे करायचे आहे त्याने पैसा दाखवायला हवा. म्हणून त्या कागदात सैन्याचा खर्च कमी करणे, मिठाचा कर, दारूबंदी उठवणे आणि विम्याचे राष्ट्रीयीकरण या गोष्टी एका ओळीत येतात. ती जमेची यादी आहे.

सरांचा प्रश्न या जाहीरनाम्याने स्वतःच स्वतःला विचारला होता.

मिठाच्या कलमापाशी थोडे थांबतो, कारण त्याच्याशी मी सहमत नाही आणि ते सांगणे माझे काम आहे. मिठाचा कर १९४७ मध्ये रद्द झाला. त्याआधी त्याचे उत्पन्न दहा कोटींच्या आतबाहेर होते. १९५१ च्या जनगणनेत लोकसंख्या छत्तीस कोटी भरली. भागाकार केला तर माणशी वर्षाला चार-साडेचार आणे पडतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नगण्य वाटेल, आणि एवढ्या थोड्या भारातून एवढी रक्कम उभी राहते हा युक्तिवाद मला समजतो. पण जुन्या मिलच्या चाळीतल्या सहा माणसांच्या घरावर सुमारे पावणेदोन रुपये पडतात तेव्हा गिरणीमालकाच्या सहा माणसांच्या घरावरही पावणेदोन रुपयेच पडतात. मीठ गरिबाला कमी लागत नाही. उलट घाम गाळणाऱ्याला आणि भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खाणाऱ्याला ते जास्तच लागते. ज्या माणसाने ‘रुपयाचा प्रश्न’ लिहिला आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर कोलंबिया विद्यापीठात प्रबंध सादर केला, त्याला हे कळत नव्हते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्याने ते तोलून पाहिले असेल आणि शिक्षणावर येणारा पैसा जड भरला असेल. माझ्या तराजूत तो तसा भरत नाही. पण महत्त्वाची गोष्ट ही की मी आज, इतक्या वर्षांनी, त्या कलमाशी वाद घालू शकतो. कारण ते लिहिलेले आहे, त्यात रक्कम आहे, आणि ती रक्कम कशासाठी हवी तेही आहे. ‘गोरगरिबांना न्याय देऊ’ या वाक्याशी वाद कसा घालणार?

शिंदीचे, म्हणजे दारूबंदीच्या कलमाचे, उलट आहे. तिथे जाहीरनामा मला पूर्ण पटतो. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. मोरारजी देसाईंचा तो जिव्हाळ्याचा विषय. जाहीरनाम्याचे म्हणणे असे की सरकारचा अबकारी महसूल बुडतो, वर पोलिसांवर खर्च वाढतो, आणि दारू मात्र थांबत नाही. ती दुकानातून उठून घरात शिरते, हातभट्टीत बायका-मुले गुंततात. गिरणगावातल्या जुन्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. १९३० साली शिंदीचे झाड तोडणे म्हणजे परक्या सरकारच्या तिजोरीवर घाव घालणे होते. १९५२ साली ती तिजोरी आपली होती आणि तिच्यातून शाळा काढायच्या होत्या. हुतात्म्यांचा अवमान न करता, डोके शांत ठेवून, हा फरक मतदारापुढे मांडायला फार मोठे धैर्य लागते. नुसता त्यांच्या नावाचा जयजयकार करून खाली बसणे कितीतरी सोपे होते.

आता जाहीरनाम्यातला चीन. सोलापूरच्या माणसाला चीन म्हटले की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, आणि ते योग्यच आहे. १९१० साली इथे जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेला, आठव्या मार्ग सेनेतल्या जखमींवर उपचार करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच मरण पावला. त्याच्या जन्मगावात मते मागणाऱ्या पक्षाने लिहिले की नव्या चीनला संयुक्त राष्ट्रसंघात जागा मिळावी म्हणून भारताने झगडू नये. त्या वकिलीमुळे अमेरिकेशी वितुष्ट येते आणि भांडवल व तंत्रज्ञानाची मदत अडते, असे कारण दिले. काश्मीरबद्दलही असेच स्पष्ट मत होते. हिंदू व बौद्ध वस्तीचा भाग भारताकडे ठेवावा, मुस्लीम वस्तीच्या भागाचा निर्णय तिथल्या लोकांवर सोडावा, म्हणजे पाकिस्तानशी भांडण मिटेल आणि सैन्यावरचा तो अर्ध्याहून जास्त खर्च कमी करता येईल. आज हे वाक्य कुठल्याही व्यासपीठावरून उच्चारणे अवघड आहे. तेव्हाही सोपे नव्हते. काश्मीरच्या फाळणीच्या या कल्पनेतले धोके मला दिसतात; धर्माच्या आधारावर प्रदेश वाटण्याची एक किंमत देशाने नुकतीच मोजली होती. तरीही पाहा, परराष्ट्र धोरण, संरक्षण आणि दलित मुलाची शिष्यवृत्ती या तिन्ही गोष्टी एकाच वहीत मांडलेल्या आहेत. सैन्यावर गेलेला रुपया वसतिगृहावर जात नाही, हे त्या वहीत कुणालाही वाचता येते.

वसतिगृह हा शब्द मी सहज वापरला नाही. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पहिले वसतिगृह १९२५ साली काढले ते सोलापुरात. त्या कामाशी जोडलेले जिवाप्पा ऐदाळे १९३७ मध्ये बाबासाहेबांच्याच स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. म्हणजे १९५२ चा निकाल आभाळातून पडला नाही. पंचवीस वर्षे कुणीतरी इथे मुलांच्या जेवणाचा, कंदिलाच्या तेलाचा आणि पुस्तकांचा हिशेब लिहीत होते.

राजभोजांबद्दल सांगायला हवे. नाशिक जिल्ह्यात १९०५ साली चर्मकार कुटुंबात जन्म, पुण्यात कार्य. १९२९ च्या पर्वती मंदिरप्रवेश सत्याग्रहात ते पुढे होते. मधली काही वर्षे ते गांधीजींच्या हरिजन कार्याजवळ होते आणि बाबासाहेबांपासून दूर होते. १९४२ मध्ये नागपुरात फेडरेशन स्थापन झाले तेव्हा मात्र ते त्याचे सरचिटणीस झाले. पुढे पुन्हा काँग्रेसमध्ये गेले आणि १९५७ ते १९६२ राज्यसभेत होते. या जाण्यायेण्यावरून त्यांना नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला राजभोजांपेक्षा त्यांच्या उमेदवारीकडे पाहायचे आहे. राखीव जागा, पण मतदार सगळ्या जातींचे. पुणे करारानंतर हीच व्यवस्था होती. अशा उमेदवाराकडून लोकांची अपेक्षा काय असते? त्याने आपल्या समाजाबद्दल बोलावे. विहिरीबद्दल, मंदिराबद्दल, फार तर शिष्यवृत्तीबद्दल बोलावे. विमा कंपन्या कुणाच्या मालकीच्या असाव्यात, चीनची बाजू घ्यावी की नाही, सैन्यावर किती खर्चावे, हे विषय इतरांसाठी राखून ठेवलेले असतात. जागांचे आरक्षण लिहिलेले असते, विषयांचे हे आरक्षण कुठेच लिहिलेले नसते, म्हणून ते मोडणे जास्त कठीण. फेडरेशनच्या जाहीरनाम्याने ते मोडले. अनुसूचित जातींचा पक्ष देशाच्या प्रत्येक प्रश्नावर मत सांगत होता, आणि ते मत सर्वांच्या मतांच्या जोरावर संसदेत पाठवा म्हणत होता.

आजही दलित उमेदवाराला, स्त्री उमेदवाराला, मुसलमान उमेदवाराला वार्ताहर काय विचारतात ते ऐका. रिझर्व्ह बँकेबद्दल विचारतात का? संरक्षणखर्चाबद्दल विचारतात का? मला याचा संताप येतो आणि तो मी लपवत नाही.

त्याच मतदारसंघातून निवडून आलेले शंकरराव मोरे वेगळ्या वाटेने आले होते. काँग्रेसमधून फुटून शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला, १९५० मध्ये दाभाडीला त्याने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. मोरे त्या पक्षाच्या आघाडीच्या नेत्यांपैकी. कसणाऱ्याला जमीन, सावकारशाही आणि भांडवलशाहीचा अंत, ही त्यांची भाषा. फेडरेशनच्या जाहीरनाम्यात मात्र कम्युनिस्ट पक्षाशी युती करणार नाही, असे स्पष्ट लिहिले होते, कारण त्यांना संसदीय लोकशाही आणि व्यक्तिस्वातंत्र्य सोडायचे नव्हते. हिंदू महासभा आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांच्याशीही युती नाही, असे तितक्याच स्पष्टपणे लिहिले होते. एकाच मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका होत्या. एक वर्गलढ्याच्या पेटीत पडली, दुसरी हत्तीच्या पेटीत. ज्यांना पुरोगामी असण्याचा एकच साचा हवा असतो त्यांना हे विसंगत वाटेल. मला त्यात मतदाराची समज दिसते. जमिनीचा प्रश्न वेगळा, जातीचा प्रश्न वेगळा, आणि दोन्ही दिल्लीत मांडणारी दोन वेगळी माणसे पाठवता येतात, हे त्या व्यवस्थेने शक्य केले होते. १९६१ मध्ये द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. कारणे प्रशासकीय होती आणि काही खरीही होती. तरी सवर्ण शेतकऱ्याला आणि दलित मजुराला एकाच निवडणुकीत एकमेकांची मते मागायला लावणारी दुसरी रचना त्यानंतर आपण उभी केली नाही.

इथे कुणी म्हणेल की लोकांनी जाहीरनामा वाचून मते दिली नाहीत. बरोबर आहे. बाबासाहेबांवरच्या श्रद्धेने दिली, काँग्रेसवरच्या नाराजीने दिली, महागाई आणि रेशनच्या त्रासाने दिली, मोऱ्यांच्या जोडीने दिली. मिठाच्या कलमाने राजभोजांना एकही मत मिळवून दिले असेल असे मला वाटत नाही. माझा मुद्दा एवढाच की त्या कलमामुळे ते पडलेही नाहीत. अप्रिय गोष्ट सांगितली की उमेदवार संपतो, ही आपल्या राजकारणातली पक्की समजूत आहे, आणि तिच्याविरुद्धचा पुरावा ज्या गावात मीठ आणि शिंदीसाठी माणसे मेली त्याच गावाने दिला. मुंबईत बाबासाहेब पडले त्यामागची कारणेही जाहीरनाम्यातली नव्हती. कम्युनिस्ट नेते डांगे यांनी राखीव जागेचे मत वाया घालवण्याचा प्रचार केला, असा आरोप घेऊन बाबासाहेब आणि समाजवादी नेते अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेले होते. ते प्रकरण त्यांच्या बाजूने लागले नाही.

पुढे काय झाले? विम्याचे कलम खरे ठरले. जानेवारी १९५६ मध्ये वटहुकुमाने आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. ज्या विरोधी पक्षाकडे दोन खासदार, त्याच्या जमेच्या यादीतली एक ओळ सत्ताधारी पक्षाने पाच वर्षांच्या आत उचलली. कुटुंबनियोजनाचेही तसेच. जाहीरनाम्यात संततिनियमनासाठी दवाखाने मागितले होते. १९३८ मध्येच स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी मुंबई विधानसभेत तो ठराव मांडला होता, तो फेटाळला गेला. १९५२ मध्ये सरकारी कार्यक्रम सुरू झाला. जाहीरनाम्यातल्या भाषावार राज्यांच्या मागणीतले आंध्र १९५३ मध्ये आले, महाराष्ट्र १९६० मध्ये. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत बोलणाऱ्या आपल्या शहराला ही मागणी सोपी नव्हती, आणि सोलापूर-अक्कलकोटवरचा कर्नाटकाचा दावा २०२२ मध्येही पुन्हा ऐकू आलाच. दारूबंदी महाराष्ट्रात हळूहळू सैल झाली आणि आज राज्याच्या तिजोरीत अबकारी महसूल ही मोठी बाब आहे. शिक्षणाशी तिचा संबंध जोडण्याचे काम मात्र कुणी केले नाही. मिठाचा कर परत आला नाही, आणि ते चांगले झाले.

आता आजचे सोलापूर. २०१९ मध्ये बाबासाहेबांचे नातू प्रकाश आंबेडकर इथून लोकसभेला उभे राहिले आणि पराभूत झाले. २०२४ मध्ये काँग्रेसच्या प्रणिती शिंदे निवडून आल्या. मी इथे कुणाच्या पक्षाचा प्रचार करायला उभा नाही. मला असा प्रश्न घ्यायचा आहे जो प्रत्येक उमेदवाराला, पुरोगामी म्हणवणाऱ्याला तर विशेष, या शहरात विचारता येईल. तो प्रश्न बिडीचा आहे.

हजारो बायका घरात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळतात. तेंदूपत्ता भिजवायचा, कात्रीने कापायचा, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. हजार बिड्यांमागे मजुरी, त्यातून छाट, म्हणजे नापसंत बिड्या, वजा. मान, बोटे आणि फुप्फुसे यांतून त्याची किंमत वसूल होते. १९६६ मध्ये बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. १९७६ मध्ये कल्याण निधी आणि त्यासाठी बिडीवर उपकर आला. त्या पैशातून दवाखाने चालत, मुलांना शिष्यवृत्त्या मिळत, घरांना मदत होई. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकर रद्द झाला आणि बिडी २८ टक्क्यांच्या गटात गेली. म्हणजे कर वाढला, पण त्यातला कामगाराच्या नावाने वेगळा काढलेला हिस्सा गेला. दवाखान्याचा पैसा आता सरकारच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातून यायचा.

उमेदवार सभेत येतो आणि म्हणतो, बिडी कामगार भगिनींना न्याय मिळवून देऊ. टाळ्या पडतात. पण बिडीवरचा कर कमी व्हावा असे त्याला वाटते का? कमी झाला तर बिडी स्वस्त होईल, रोजगार टिकेल, आणि क्षयाच्या व कर्करोगाच्या दवाखान्यातली रांग वाढेल. वाढावा असे वाटते का? मग कारखाना काम कमी देईल आणि त्या दिवशी त्या घरात चूल कशी पेटेल ते त्याने सांगितले पाहिजे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या तो बाजूने आहे का? पाकिटावर ८५ टक्के जागेत इशाऱ्याचे चित्र २०१६ पासून आहे, ते त्याला मान्य आहे का? बिडी हळूहळू बंद व्हावी असे त्याचे मत असेल तर किती वर्षांत, त्या बायकांना दुसरे कोणते काम शिकवून, आणि शिकण्याच्या काळात त्यांच्या घरखर्चाला कुठल्या खात्यातून पैसा देऊन? उपकर परत आणायचा असेल तर तो कारखानदाराने भरायचा की ओढणाऱ्याने?

यातले कुठलेही उत्तर काही मते घालवणारे आहे. कामगार वस्तीत एक उत्तर नावडेल, डॉक्टरांच्या परिषदेत दुसरे, कारखानदारांच्या बैठकीत तिसरे. म्हणूनच उमेदवार तीन ठिकाणी तीन वाक्ये बोलतात. १९५१ च्या जाहीरनाम्यासारखा एक कागद काढायचा तर तिन्ही ठिकाणी तोच कागद वाचावा लागेल. माझे स्वतःचे मत विचाराल तर कर वाढता असावा, उपकर कामगाराच्या नावाने पुन्हा वेगळा काढावा, तो कारखानदाराकडून घ्यावा, आणि पुढच्या पंधरा वर्षांत एकाही मुलीला आईच्या शेजारी सूप घेऊन बसावे लागू नये एवढा पैसा त्यातून तिच्या शिक्षणावर खर्च व्हावा. यावर या सभागृहात वाद होईल, व्हावा. समोर बसलेल्या बिडी कामगार भगिनींपैकी कुणाला हे चुकीचे वाटत असेल तर आता प्रश्नोत्तरांत त्यांनी उठून सांगावे. पहिला प्रश्न त्यांचा घ्यावा अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे.